विहिरीत ठंडे केलेले कागद

हे मराठी अक्षर मला लिहिता येतं ते वत्सलाबाईंमुळे. लिहायला मी जागेवर उरले, आमचं घर उरलं, तेही त्यांच्यामुळेच. म्हणून आधी त्यांचं नाव घेते आणि मग काय झालं ते सांगते. उलटं सांगायला गेले की मध्येच उठून मी दाराची कडी बघून येते. माझा मुलगा हसतो. म्हणतो, "अम्मी, पन्नास वर्षं होऊन गेली, आणि तू चिपळुणात आहेस. अकोल्याचा हवालदार इथे कशाला येईल?" त्याचं खरं आहे. तो हवालदार आता या जगातही नसेल. पण कडी मी बघतेच.

वत्सलाबाई अकोल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. मुलींच्या मराठी शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची गल्लीत कुणाची हिंमत नव्हती. त्यांचे वडील वकील. त्यांनी शाळेत संस्कृतऐवजी फारसी घेतलेली, त्यामुळे बाळापूर-अचलपूरकडची जुनी खरेदीखतं आणि इनामाचे कागद वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडे यायचे. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. मग ते मुलीच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून शिकवत गेले आणि मुलगी त्यांना कागद वाचून दाखवत गेली. वकील वारले, त्यांची बायकोही वारली, पण विद्या मुलीपाशी राहिली. आमच्या गल्लीत घाईच्या हाताचं मोडकं उर्दू सरळ वाचणारी दोनच माणसं होती. एक आमचे बडे अब्बा, म्हणजे माझे मोठे चुलते, आणि दुसऱ्या या, पांढऱ्या सुती पातळातल्या, बारीक टिकली लावणाऱ्या मास्तरीणबाई. बाईंचा एकुलता एक धाकटा भाऊ अमरावतीला शिकून फौजेत गेला होता.

मी मूळची अचलपूरची. सातवी झाले आणि शाळा सुटली. आमच्याकडे तेव्हा मुलीची सातवी म्हणजे पुष्कळ झालं. अकोल्यात बडे अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे बडी अम्मीची, बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, म्हणून मला तिच्या हाताखाली धाडलं. शकुंतलेच्या, आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या, डब्यात बसून मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी. अम्मीने रुमालात गुळाची रोटी बांधून दिली होती. ती मी वाटेत खाल्लीच नाही. ती संपली म्हणजे घर संपलं, असं काहीतरी डोक्यात होतं. अकोला येईपर्यंत तिला मुंग्या लागल्या. बडी अम्मीने मुंग्या झटकल्या, रोटीचा तुकडा मोडून आधी स्वतःच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "अच्छी है. तेरी माँ गूळ जास्त डालती." तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे कापसाच्या जिनिंगचा भोंगा, मग अज़ान, मग बाईंच्या अंगणातलं कप्पीचं कुरकुरणं. त्यानंतर आमच्या कप्पीचं. चुलीवर ज्वारीच्या रोट्या, तुरीच्या डाळीत गोश्त घालून केलेला दालचा, आंबाडीची भाजी, पाट्यावर वाटलेला लाल मिरचीचा ठेचा. त्याच्या खाटाने मी शिंकायला लागले की भिंतीपलीकडून बाई म्हणायच्या, "हमीदा, कमी वाट गं, माझ्या वह्या भिजतील." ईदला त्यांच्याकडे आमच्याकडून कोरडं जायचं, शेवया, साखर, खोबरं, शिजवलेलं नाही. संक्रांतीला तिकडून तिळाच्या वड्या यायच्या, त्या मात्र केलेल्या असायच्या आणि आम्ही खायचो. यात कुणाला काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर कुणी बोलत नसे.

आता विहिरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यातच घडलं. दोन घरांमधली पुरुषभर उंचीची भिंत थेट विहिरीच्या तोंडावरून गेली होती. खाली दगडी तुळई टाकून वर विटा चढवलेल्या. त्यामुळे अर्धी गोल विहीर आमच्या अंगणात आणि अर्धी त्यांच्या. आमची कप्पी वेगळी, त्यांची वेगळी. आमची बादली पत्र्याची, त्यांची पितळी कळशी. पाणी तेवढं एक. तुळईच्या वर भिंतीत एक वीतभर झरोका होता. त्यातून बाई आणि बडी अम्मी बोलायच्या. पूर्ण तोंड कधी दिसायचं नाही. एकदा डोळे दिसायचे, एकदा नुसते ओठ.

बडे अब्बा म्हणजे गरीब माणूस. शेरवानीला खडूची भुकटी, सायकल, संध्याकाळी रेडिओ. त्यांनी जवानीत सभा गाजवल्या होत्या हे मला बडी अम्मीने सांगितलं तेव्हा खरंच वाटेना. मुल्क वेगळा व्हावा म्हणून ते गावोगाव बोलत फिरले होते. त्यांचं म्हणणं असं, की माणसांची कौम होते ती जमिनीने नाही, बोलीने नाही, एका अंगणात राहिल्याने नाही; ती कलम्याने, एका अल्लाची ग्वाही दिल्याने होते. ज्यांचा कलमा एक त्यांचं सरकार एक, त्यांचा कायदा एक, आणि तो कायदा दीनाचा, धर्माचा. बोलताना आधी कुराणातली आयत, मग तिचा अर्थ, मग त्या अर्थातून निघालेला मुल्क. ऐकणारे रडायचे म्हणे. आता अकोला काही त्या मुल्कात जाणार नव्हतं, हे नकाशा बघणाऱ्या पोरालाही कळत होतं. तरी वऱ्हाडातले लोक त्या मुल्कासाठी रडले. बडी अम्मीचे वडील मौलवी होते आणि ते साफ विरोधात. ते जावयाला म्हणायचे, "बेटा, नमाज़ला चटईएवढी जागा लागते. तू तिच्यासाठी फौज आणि टपाल मागून राहिला." सासऱ्या-जावयात दोन वर्षं बोलणं नव्हतं. मग मुल्क झाला. बडे अब्बांचं भाषण ऐकलेले काही लोक उठून गेले. बडे अब्बा गेले नाहीत. आईने पाय धरले म्हणून, की शाळेची नोकरी होती म्हणून, की अजून काही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि बडी अम्मीने टोमणा मारायची एक संधी सोडली नाही. "दुसऱ्यांना गाडीत बसवलं. स्वतः फलाटावर."

ती भाषणं त्यांच्या हातची लिहिलेली, एका पत्र्याच्या पेटीत, पलंगाखाली. टाकून का देत नाही विचारलं तर म्हणायचे, अल्लाचं नाव आहे त्यांवर. बडी अम्मी म्हणायची, "नाव अल्लाचं, मोह यांचा."

आणि मग बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा आला. आमच्या गावापर्यंत विमान येणार नव्हतं, तरी काचांना काळे कागद लागले. बाजारात रोज नवं काही ऐकू यायचं. कुणी म्हणे छपरावरून बॅटरीने इशारे करतात, कुणी म्हणे पाण्यात जहर घालतात. आमच्याकडे पाहून कुणी बोलायचं नाही. आम्ही आलो की बोलणं थांबायचं. ते मला बोलण्यापेक्षा वाईट वाटायचं. दुकानात मी साखर मागायला गेले की मलाच वाटायचं, मी साखर नाही, दुसरंच काही मागायला आलेय. दोन गल्ल्या पलीकडे एका घड्याळजीच्या घरी झडती झाली. कराचीच्या बहिणीचं पत्र होतं, तेवढ्यावर त्याला चार दिवस चौकीत बसवून ठेवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या घरची बाई आमच्याकडे येऊन बडी अम्मीच्या कानात इतकंच म्हणाली, "घरात लिहिलेलं काही ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी बडे अब्बा शाळेत गेले आणि बडी अम्मीने पेटी ओढून काढली. मला म्हणाली, "चूल पेटती आहे ना? दे एकेक." मी पहिलं पान हातात घेतलं. माथ्यावर बिस्मिल्ला. मी थांबले. दुसरं पान, बिस्मिल्ला. आमच्यात ज्या कागदावर अल्लाचं नाव किंवा आयत असते तो जाळत नाहीत, फेकत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत. तो पाण्यात सोडतात. त्याला कागद ठंडे करणं म्हणतात. बडी अम्मीने चष्मा लावला, पान उजेडाला धरलं आणि कपाळावर हात मारला. दर चौथ्या ओळीत आयत होती. "या माणसाने एक ओळ नाही सोडली," ती म्हणाली. "लेक्चर मुल्काचं आणि वर-खाली कुराण."

मग तिने मला कैची आणायला सांगितली. आयत कापून वेगळी काढायची, ती जपून ठेवायची आणि उरलेलं जाळायचं. तिची बोटं चालत नव्हती, म्हणून कापायला मी. ती दुपार मी विसरणार नाही. मला छापील उर्दू यायचं, पण बडे अब्बांचं घाईचं अक्षर येत नव्हतं. बडी अम्मी बोट ठेवून दाखवायची, इथून इथपर्यंत कापू नको, इथून काप. पण आयत जिथे संपायची तिथे त्यांचं वाक्य सुरू झालेलं असायचं, वाक्याच्या पोटात पुन्हा अर्धी आयत, तिचं शेपूट पुढच्या ओळीत. कैची कुठे घालायची? एकदा मी कापलं तर बडी अम्मी ओरडली, "अगं नाव कापलंस!" मी कैची टाकली आणि तोबा तोबा करत गालावर मारून घेतलं. आज या वयात मी पुष्कळ लोकांना ऐकते, दीन वेगळा काढा, राजकारण वेगळं काढा, एका वाक्यात सांगून टाकतात. मी खरोखर कैची घेऊन बसले होते. दोन तासांत आमच्या हाती कागदाच्या तीन चिंध्या आल्या आणि त्याही कोणत्या बाजूच्या ते कळेना.

नदीवर जायचं तर वाटेत चौकी. म्हणून विहीर. दुपारी तिच्यावर दोन्ही बाजूंना कुणी नसायचं. बडी अम्मीने धुतलेला उशीचा अभ्रा दिला, त्यात कागद भरले आणि म्हणाली, "वजन बांध. पण पायाखालचा दगड नको, हां. आयती आहेत. काहीतरी पाक चीज़ बांध." आणि ती नमाज़ला उभी राहिली. मी घरभर फिरले. वरवंटा बांधावा तर संध्याकाळी मसाला कशाने वाटायचा? अंगणातला प्रत्येक दगड कुणी ना कुणी तुडवलेला. फडताळात शेंदेलोणाचा एक मोठा खडा होता, नारळाएवढा, कोरा, कागदात गुंडाळलेला. मीठ तर पाक. जड आहे, स्वच्छ आहे, आणि अन्नातली वस्तू, कुणाचा पाय लागलेला नाही. माझ्या मनाला इतकं पटलं की मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. खडा अभ्र्यात घातला, जुन्या नाड्याने तोंड बांधलं, बिस्मिल्ला म्हणून सोडला. डुब्ब असा आवाज झाला आणि पाणी पुन्हा सारखं झालं.

मीठ पाण्यात विरघळतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज वरणात घालत होते. पण त्या दिवशी डोक्यात पाक-नापाक एवढंच होतं, आणि भीती.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. बाईंच्या घरात मागच्या खोलीत एक कंपाउंडर भाड्याने राहायचा, बंडूभाऊ. त्याने पाणी ओढलं होतं.

"पानी काळं पडलं बावा! कोनं तरी जहर कालवलं विहिरीत! अन् हे पाहा, उर्दूत लिवलं हाय!"

मी भाकर थापत होते. पीठ हाताला तसंच राहिलं. मी धावत जाऊन विहिरीत वाकून पाहिलं. अभ्रा वर आला होता, मेलेल्या पांढऱ्या कोंबडीसारखा फुगलेला, नाडा सुटलेला, आणि भोवती पानं पसरली होती. काजळीची शाई पाण्यात उतरत होती. बडी अम्मीने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता भिंतीला टेकून खाली बसली. तिचे ओठ हलत होते. बडे अब्बा आतून आले, विहिरीत बघितलं. त्यांना पेटीचं काहीच माहीत नव्हतं. पण स्वतःचं अक्षर माणूस लांबूनही ओळखतो. त्यांनी आत जाऊन शेरवानी घातली आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. अटक होणारच असं धरून तयारीने निघाल्यासारखे ते दिसत होते.

गल्ली भरली. हवालदार आला. पडद्यामुळे बडी अम्मीला जाता येईना. मी विहिरीच्या कठड्यावर चढून झरोक्याला डोळा लावला. दिसलं ते तुकड्यातुकड्यांनी. हवालदाराची टोपी. बंडूभाऊचा हात. बाईंची कळशी.

"गलका नोका करू बे," हवालदार म्हणाला. "कोनाची विहीर हाय हे?"

"दोघाईची," बंडूभाऊ. "अर्धी बाईची, अर्धी त्या मास्तरची."

"विहीर बी अर्धी असते का? बलवा त्या मास्तरले."

बडे अब्बा आधीच दारात पोचले होते. त्यांचा शेरवानीतला खांदा झरोक्यात आला. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्योच थो, लय भाषणं ठोकायचा." मग दुसरं कुणी, मग तिसरं, आणि माणसं पुढे सरकल्याचा तो आवाज, चपलांचा. बडे अब्बा म्हणाले, "जी, ये कागज़..."

"मास्तर, तुम्ही थांबा." वत्सलाबाई होत्या. "कागद माझ्या कळशीत आलाय. आधी माझी पाळी."

"बाई, तुमाले उर्दू येते?" हवालदाराने विचारलं.

"वकिलांची मुलगी आहे मी. तुमच्याच चौकीतून कागद येत होते बाबांकडे वाचायला. आणा इकडे."

त्यांनी ते ओलं पान दोन हातांवर घेतलं, आम्ही घेतो तसं. वरच्या ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या, अगदी बरोबर, एक अक्षर न चुकवता, आणि मग मराठीत सांगितलं, की देवाचं नाव आहे, तो दयाळू आहे असं म्हटलंय, पुढे त्याची स्तुती आहे.

"अन् खाली? खाली बी तं लय लिवलं दिसते."

बाई वाचायला लागल्या. मनात. मला त्यांचे ओठ दिसत होते, हलणारे, आणि मग थांबलेले. त्यांनी पान खालपर्यंत वाचलं, पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. कितीसा वेळ गेला असेल! पण त्या वेळात मी मनात अचलपूरला जाऊन आले, अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि सगळं कबूल केलं. बाईंचा भाऊ त्या घटकेला पूर्वेच्या आघाडीवर होता आणि तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या काहीही म्हणाल्या असत्या तरी कुणी त्यांना दोष दिला नसता.

त्यांनी नजर उचलली तेव्हा ती झरोक्यावर आली. माझा डोळा त्यांना दिसला. पिठाचा हातही दिसला असेल.

"खाली लढाईचं काही नाही, हवालदार," त्या म्हणाल्या. "जुना कागद आहे, माझ्या लहानपणीचा. यांच्यात देवाचं नाव असलेला कागद जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. आपण निर्माल्य सोडतो तसं. घरातल्या पोरीने नदीऐवजी विहिरीत सोडला, इतकंच झालंय."

"अन् पानी काळं कावून झालं मंग?" बंडूभाऊ.

"शाई आहे, बंडूभाऊ. डॉक्टरांची चिठ्ठी पाण्यात पडली तर काय दूध होतं?" कुणीतरी हसलं. त्या हसण्याने मला पहिल्यांदा श्वास घेता आला. बाईंनी तीच कळशी उचलली, त्यातलं पाणी पातेल्यात गाळलं आणि अंगणातल्या शेगडीवर ठेवलं. "आधण ठेवते. हवालदार, चहा घ्याल ना?"

"मले घाई हाय जरा..."

"मी आधी पिते. मग तर घ्याल?"

त्या प्यायल्या. सगळ्या गल्लीसमोर, उभ्यानेच, बशीत न ओतता. हवालदाराने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, काही होतंय का ते, आणि मग मिशा पुसत कप घेतला. "साखर कमी हाय वो बाई," तो म्हणाला. माणसं हळूहळू पांगली. काहीजण जाताना बडे अब्बांच्या अंगावरून अशा तऱ्हेने गेले की त्यांचा धक्का लागावा. बडे अब्बा हलले नाहीत.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, बाई आमच्या दाराने आत आल्या. मी तिथे असताना पहिल्यांदाच. हातात ते पान होतं, वाळून पापडासारखं झालेलं. त्यांनी ते बडे अब्बांच्या पुढ्यात ठेवलं.

"मास्तर, मी वरच्या ओळी वाचल्या. खालच्या मला येत नव्हत्या असं नाही."

"जानता हूँ, बेटा."

"तुम्ही लिहिलंय, एका विहिरीचं पाणी पिऊन दोन घरं एक कौम होत नाहीत. ही आपली विहीर ना?"

बडे अब्बांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हां," ते म्हणाले. "मिसाल पाहिजे होती. दारातच होती."

"त्या सभेला बाबा गेले होते. मी सात वर्षांची होते. तेव्हा विहिरीवर भिंत नव्हती, एकच कप्पी होती. घरी येऊन बाबा जेवले नाहीत. आईने विचारलं तेव्हा त्यांनी ही ओळ सांगितली. दुसऱ्या आठवड्यात आईने गवंडी बोलावला." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही भिंत घातली नाहीत, मास्तर. आम्हीच घातली. पण वीट तुमची."

मला वाटलं बडे अब्बा आता भाषण करतील. त्यांना बोलता यायचं. पण ते इतकंच म्हणाले, "मी खोटं लिहिलं नव्हतं. तेव्हा खरंच वाटत होतं. इमान एक असलं की बाकी सगळं आपोआप एक होईल." आणि मग, "भावाचं पत्र आलं?"

"नाही."

"मी रोज दुआ करतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "झरोक्यातून ऐकू येतं."

तेवढ्यात माझा बांध फुटला. मी रडत रडत सांगून टाकलं की चूक माझी, वजन म्हणून मी मीठ बांधलं. बाईंना आधी कळेना. मग कळलं. "शेंदेलोण?" त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बडी अम्मी पडद्याआडून बाहेर आली आणि तीही हसली. बडे अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

उरलेली पानं बाईंनीच गळ टाकून काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ती निर्माल्याच्या टोपलीत, झेंडूच्या फुलांखाली घातली आणि मला बरोबर घेऊन मोर्णा नदीवर निघाल्या. चौकीपाशी मी थबकले तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. हवालदाराने टोपलीकडे बघून नमस्कार केला. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं, पण वाहतं होतं. आधी फुलं गेली, मग पानं.

ढाका पडलं त्या दिवशी बडे अब्बांनी रेडिओ स्वतः बंद केला. नमाज़नंतर चटईवरूनच बडी अम्मीला म्हणाले, "कलमा एक होता, नमाज़चा किब्ला एक होता. मग कमी काय पडलं?" मला वाटलं ती टोमणा मारेल. तिने त्यांच्यापुढे दालच्याची वाटी सरकवली आणि म्हणाली, "तिकडच्या बंगाल्यांना कुणी विचारलं होतं का? जेवा." जानेवारीत बाईंच्या भावाचं कार्ड आलं. ते बाईंनी झरोक्यातून आधी बडे अब्बांना दाखवलं.

ते एक वाळलेलं पान बडे अब्बांनी बाईंकडेच ठेवलं होतं, ते त्यांनी माझ्याजवळ दिलं. म्हणाल्या, "हे तू ठेव. मी लोकांसमोर अर्धंच वाचलंय, ते मला सलतं. त्या दिवशी तसंच वाचायला हवं होतं, पण अर्धं ते अर्धंच. तू शीक आणि मला सगळं वाचून दाखव, खालच्या ओळींसकट." त्याच हिवाळ्यात त्यांनी झरोक्यातून मला मराठी मुळाक्षरं शिकवायला घेतली, बदल्यात मी त्यांना मिरच्या निवडून द्यायची. त्यांच्या जुन्या पाटीवर मी पहिला शब्द लिहिला तो विहीर. दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी कोकणात आले. पान पाठ्यपुस्तकाच्या पुठ्ठ्यात घालून आणलं होतं. संसारात ते राहून गेलं. मग नातवाला शाळेत कुणीतरी म्हणालं, तिकडच्या मुल्कात जा, आणि तो घरी येऊन मला विचारायला लागला, तो कुठला मुल्क, कुणी बनवला, आपण का जायचं. त्या रात्री मी पान बाहेर काढलं. भीतीने काढलं, हे कबूल करते. पण मग इथल्या मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलवींकडून ते मोडकं अक्षर शिकायला बसले, या वयात, भिंग लावून.

बाई आता अकोल्यात भाच्याकडे असतात. फोनवर आवाज तसाच आहे, पण डोळे गेले, वडिलांसारखेच. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "हमीदा, पान आहे ना गं?" आहे, बाई. खालच्या सगळ्या ओळी आता मला येतात. एक शब्द तेवढा पाण्याने गेला आहे, तिथे मी थांबेन आणि तुम्हाला सांगेन की इथे शाई नाही. उन्हं तापायच्या आत नातवाला घेऊन गाडीत बसते. तुमच्या समोर बसून, दार उघडं ठेवून, मी ते पान बिस्मिल्लापासून विहिरीच्या ओळीपर्यंत पूर्ण वाचेन. तुम्ही माझ्यासाठी जे अर्धं ठेवलंत, ते तुमचं तुम्हाला परत करायचं आहे.